बॅटरीची शिवण

४ मार्च, सोमवार

वही नवी, दुकान जुनं. दुकान आईंचं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. पंचेचाळीस वर्षं रफू करतात. सिगारेटनं जळलेला, कसर लागलेला, खिळ्यात अडकून फाटलेला कोट त्यांच्याकडे यावा आणि परत जाताना भोक कुठं होतं ते मालकालाच आठवू नये, असं त्यांचं काम. मागच्या महिन्यात त्यांनी काउंटरची डावी बाजू रिकामी केली, दोऱ्यांचे डबे उजवीकडे सरकवले आणि म्हणाल्या, "हं, थाट तुझं दुकान." अठरा वर्षं जिथं टायपिंग केलं ती कचेरी बंद पडल्यावर मी मोबाइल दुरुस्तीचा कोर्स केला. वर्गात सगळ्यांत मोठी मीच, सेहेचाळीस वर्षांची. सर मला चुकून 'मॅडम' म्हणायचे आणि मग स्वतःच गोंधळायचे.

पण आज वही उघडली ती वेगळ्याच कारणानं. गेल्या शुक्रवारी आई फेरीवर गेल्या होत्या. मंगळवार आणि शुक्रवार त्यांची फेरी असते. तीन ड्रायक्लीनर आणि एक शिंपी, सगळ्यांकडून फाटके कपडे गोळा करायचे, झालेले पोचवायचे. त्या दिवशी फोन बंद पडला, त्या भलत्याच बसमध्ये बसल्या आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला उतरल्या. संध्याकाळी घरी आल्या तेव्हा पाय सुजले होते, पण पिशवीतले कोट घडी न मोडता आले होते.

आज जेवताना हेडमास्तरांनी निकाल दिला. हेडमास्तर म्हणजे माझा नवरा. कुठल्याही शाळेत नाही, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे. पण बोलणं तसं.

"एक महिना बघेन. पुन्हा फोन बंद पडला की फेऱ्या बंद. लिफ्टचा दोर तुटायची आम्ही वाट नाही बघत. मुदत संपली की बदलतो."

"मग मला बदल," आई म्हणाल्या. "नवी आई आण, गॅरंटीची."

मी हसले. ते नाही हसले.

फेरी गेली तर रफूही गेलं, हे तिघांनाही माहीत आहे. आता कोट घेऊन दुकानापर्यंत कोण येतं? आईंनाच आणायला लागतात.

५ मार्च, मंगळवार

आईंचा फोन तपासला. बॅटरी बरी आहे. मग दुपारीच संपते कशी? आत जाऊन बघितलं तर सगळी बॅटरी कॅमेरा खातो. आणि फोटो किती! साडेचारशेच्या वर. बसची तोंडं, दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, दारांवरचे नंबर, कोटाची बटणं, कॉलरीमागची लेबलं. एकही माणूस नाही, एकही फूल नाही.

अडुसष्टाव्या वर्षी आई फोटो काढायला लागल्या आणि आम्हाला पत्ताच नाही! आणि त्यातही नजर बघा. लोक डोंगर काढतात, ह्या बसचा कपाळपट्टा काढतात. मी विचारलं, "आई, हा छंद कधीपासून?" त्या फोनसाठी हात पुढं करून म्हणाल्या, "असंच गं. चाळा."

"कॅमेरा कमी वापरला तर बॅटरी टिकेल."

"तेवढं सोडून सांग," त्या म्हणाल्या.

छंद सोडा असं मी तरी कुठल्या तोंडानं सांगणार? मग बॅटरी किती उरलीय ते त्यांना वेळेवर कळलं पाहिजे, एवढंच हातात उरतं. कोपऱ्यातलं ते तांदळाएवढं चिन्ह बघायचं त्या विसरतात. कोर्समध्ये आम्हाला एक गोष्ट शिकवली होती, बॅटरीचं चिन्ह आपल्याला हवं तसं बदलायची. रंग, आकार, जागा, सगळं. तेव्हा मला ते पोरखेळ वाटलं होतं.

७ मार्च, गुरुवार

दोन दिवस खपून आईंसाठी आकडा केला. स्क्रीनच्या बरोबर मधोमध, अंगठ्याएवढा मोठा. त्यांच्या हातात फोन देऊन मी परीक्षेला बसल्यासारखी उभी राहिले.

त्यांनी फोन तिरका केला, मान वळवली, खिडकीकडे बघितलं. "वा. ठसठशीत झालाय."

"किती दाखवतोय?"

"आहे की. पुष्कळ आहे."

चौदा टक्के होते.

आकड्यांशी आईंचं कधी जमलंच नाही. अख्खं आयुष्य माप घेतलं ते बोटाच्या पेरानं. मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. दोन दिवसांचं काम, आणि त्यांनी नीट बघितलंसुद्धा नाही.

९ मार्च, शनिवार

आज मात्र मी त्यांचं काम बघत बसले आणि सगळा राग विरघळला.

सकाळी मी दहा सुयांमध्ये दोरे ओवून त्यांच्या सुयांच्या छोट्या गादीत खोचून ठेवते. हल्ली तो माझा नेम झालाय. आज एका जाड लोकरी ओव्हरकोटाच्या बाहीवर काम होतं. आई कापडाकडे बघतसुद्धा नव्हत्या! मान भिंतीकडे, नजर कॅलेंडरच्याही पलीकडे, आणि बोटं आपली आपण उभा धागा उचलून आडवा धागा घालतायत. हात इतका मुरलाय की डोळ्यांचं काम उरलेलं नाही. मी श्वास धरून बघत होते.

मध्येच त्यांनी दोन रिळं माझ्यापुढं धरली. "यातला कोटाशी जुळणारा कुठला? सांग बघू. शिकलीस का काही?"

मी डावं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि तेच घेतलं. महिन्याभरात असं वीसेक वेळा तरी विचारलं असेल. एकदाही मी चुकले नाही. मनातल्या मनात मी पाठ थोपटून घेते.

दुपारी एक जण पातळ रेशमी स्कार्फ घेऊन आला. आईंनी बोटांत चोळून परत दिला. "असल्या चिंधीला मी हात लावत नाही." तो गेल्यावर मी म्हटलं, पूर्वी तर घ्यायचात. "पूर्वी अक्कल नव्हती," त्या म्हणाल्या. या वयात माणूस कामाची निवड करतो, ती अशी ठसक्यात करावी.

१० मार्च, रविवार

चहा पिताना आई आपणहून म्हणाल्या, "सूनबाई, तो आकडा काढून टाक. त्यापेक्षा काठ लाव."

"काठ?"

"स्क्रीनला. चारी बाजूंनी. कापडाला असतो तसा. भरलेली असेल तेव्हा चारी बाजूंना शिवण. संपत जाईल तशी एकेक बाजू उसवत जाऊ दे. मधलं सगळं मोकळं."

मी कप खालीच ठेवला. असं सुचतं कसं? मी पाच दिवस बॅटरीचीच चित्रं काढत होते, आणि ह्यांनी बॅटरी बाजूलाच ठेवली. उसवणारी शिवण! कुणालाही कळेल, आकडा न वाचता.

"टाके जाड घाल," त्या म्हणाल्या. "पोतं शिवल्यासारखे. रंग भडक."

"तुम्ही आणि भडक?"

"फोनच आहे ना. लग्नाला थोडीच न्यायचाय."

१३ मार्च, बुधवार

झालं! पिवळे जाड टाके, काळ्यावर. वरची बाजू आधी उसवते, मग उजवी, मग डावी. खालची सगळ्यांत शेवटी. म्हणजे एक बाजू गेली की पाव बॅटरी गेली.

आईंनी फोन हातात घेतला, समोर धरला आणि लगेच म्हणाल्या, "उजवी अर्धी गेलीय."

बरोबर! आकडा सांगताना खिडकीबाहेर बघणारी हीच बाई.

"एकच कर. शेवटचे टाके राहतील ना, ते हलू देत. सुटलेला दोरा हलतो तसे."

"कशाला?"

"हललेलं लगेच लक्षात येतं."

तेही केलं. शेवटचे पाच टाके आता वाऱ्यावर असल्यासारखे झुलतात. कोर्समधल्या सरांना दाखवलं तर ते म्हणाले, "मॅडम, हे कुठल्या डिझायनरनं सांगितलं?" मी म्हटलं, माझ्या सासूबाईंनी. त्यांना वाटलं थट्टा करतेय.

१५ मार्च, शुक्रवार

आई फेरीवरून पाऊण वाजता परत. फोनमध्ये अजून डावी बाजू शाबूत. मधल्या ड्रायक्लीनरकडे त्यांनी अर्धा तास फोन चार्जिंगला लावला होता. "उजवी बाजू उसवली म्हणून थांबले," म्हणाल्या. तो ड्रायक्लीनर, आम्ही त्याला इस्त्रीकाका म्हणतो, त्यानं शिवण बघितली आणि मला फोन केला: "वहिनी, मला पण पाहिजे. पण माझ्यात इस्त्री गार होत गेलेली दाखवा."

हेडमास्तरांनी फोन हातात घेऊन उलटसुलट बघितला. "चालतंय की," म्हणाले. त्यांच्या शब्दकोशात ही मिठाई.

१८ मार्च, सोमवार

माझ्या काउंटरवर माणसं थांबायला लागली! इस्त्रीकाकांना गार होणारी इस्त्री दिली. लाल, तपकिरी, राखाडी. टॅक्सीवालीला पेट्रोलचा काटा पाहिजे होता; तो तर सोपा. समोरच्या शाळेतल्या बाईंनी झिजणारा खडू करून घेतला आणि म्हणाल्या, "शेवटी एवढासा तुकडा उरला पाहिजे हं, बोटात धरता न येणारा." फोनची स्क्रीन बदलणं, चार्जरची खाच साफ करणं, हे कुणीही करतं. पण ही चिन्हं करताना मी माणसाला विचारते, संपत आलंय हे तुम्हाला कशावरून कळतं? आणि प्रत्येक जण काहीतरी वेगळंच सांगतो.

हे विचारायला मी आईंकडूनच शिकले. गिऱ्हाईक आत आलं की त्या ओळख दाखवायची घाई करत नाहीत. "या," म्हणतात आणि गप्प राहतात. समोरचा बोलेपर्यंत. मग एकदम जिव्हाळ्यानं, "अहो तुम्ही होय!" आधी माणसाला बोलू द्यायचं. केवढा संयम आहे हा.

२१ मार्च, गुरुवार

आज मी आईंसाठी भेट तयार केली. त्यांना सांगितलेलं नाही.

ते पोत्याचे टाके मला पहिल्यापासून खटकत होते. जिचा टाका भिंगातून शोधायला लागतो, तिच्या फोनवर असली ओबडधोबड शिवण? लोक आता विचारतात, हे कुणाचं? मी सांगते आईंचं, आणि मला अवघडल्यासारखं होतं. आईंनी ते माझ्यासाठीच सोपं सांगितलं असणार. नवशिकी आहे, हिला बारीक जमायचं नाही, म्हणून.

तर आज खरं रफू केलं. शंभर टाके, टक्क्याला एक. केसासारखे बारीक. रंग मागच्या चित्राच्या रंगात मिसळलेला, कापडाचा रंग तोच दोऱ्याचा. हलणारे टाके काढून टाकले. रफू कधी हलतं का? फोन चार्जिंगला होता तेव्हाच चढवलं. इतकं सुरेख झालंय की मलाच स्क्रीन तिरकी धरून शोधायला लागलं.

त्यांच्या लक्षात कधी येतंय बघू.

२२ मार्च, शुक्रवार. दुपारी, चार वाजता

आई आल्या नाहीत. फोन बंद.

सकाळी निघताना फोन हातात घेऊन बराच वेळ दारात उभ्या होत्या. मला वाटलं, आता म्हणतील काहीतरी. त्यांनी विचारलं, "बाहेर धुकं आहे का गं?"

"छे! लख्ख ऊन पडलंय."

"बरं," म्हणाल्या, आणि माझ्या गालावरून हात फिरवून गेल्या. असं त्या कधी करत नाहीत. मला वाटलं भेट आवडली, पण बोलून दाखवायची नाही.

इस्त्रीकाकांकडे अकराला होत्या. दुसरीकडे साडेबाराला. शिंप्याकडे तर एरवी पाच मिनिटांचं काम, तिथं तासभर बसल्या, त्याच्या म्हाताऱ्या वडलांशी बोलत. तिथून दोनला निघाल्या. ह्यांना कळवलं. ते काम टाकून निघालेत.

त्याच दिवशी, सहा वाजता

आल्या. पायी. तीन वेळा लोकांना विचारून बरोबर बसमध्ये बसल्या, पण थांबा चुकला. पिशवी खांद्यावर, घडी मोडलेली नाही.

"फोन बघितला नाहीस?" ह्यांनी विचारलं.

"बघायचं राहिलं."

"राहिलं म्हणजे? एवढी शिवणटिपण करून दिलीय ना तुला?"

"राहिलं म्हटलं ना."

"मग संपलं. उद्यापासून फेरी बंद."

आई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसत्या जाऊन आपल्या खोलीत बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन.

२३ मार्च, शनिवार

ह्यांना सांगितलं की चूक माझी आहे, चिन्ह मी बदललं, आईंना सवय नव्हती. ते म्हणाले, "म्हणजे तुझ्या एका नक्षीवर माझ्या आईचं घरी पोचणं अवलंबून आहे. मग तर नकोच."

आईंनी आज सुई हातात धरली नाही.

मला एक कळत नाही. फोन हातात घेऊन दोन मिनिटं उभ्या होत्या. शिवण दिसत नाही म्हणून मला हाक का नाही मारली? एवढं काय अवघड होतं त्यात?

२४ मार्च, रविवार

सकाळचं आहे तसं लिहून ठेवते.

मी जुनी शिवण परत चढवली. पिवळी, पोत्याची, झुलणाऱ्या टाक्यांची. फोन नेऊन आईंच्या हातात दिला. म्हटलं, "मी शहाणपणा केला होता. तुमची होती तशीच लावलीय."

त्यांनी फोन समोर धरला. आणि मग त्यांचं तोंड असं झालं की मी घाबरले. एका हातानं त्यांनी पलंगाची कड पकडली.

"आहे," म्हणाल्या. "आहे की गं! चारी बाजूंना आहे."

"हो. मीच बदललेली. बारीक केलेली, दिसू नये अशी."

"तू बारीक केलेलीस?"

"रफूसारखी."

त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या. "अगं पोरी! मला वाटलं, काठ पण गेला. मधलं गेलंच होतं. शुक्रवारी सकाळी फोन उघडला, काठच नाही. म्हटलं, आता ते पण गेलं. म्हणून सगळ्यांकडे जाऊन आले. एकदा भेटून घ्यावं म्हणून."

मला तरीही कळेना. म्हटलं, मधलं म्हणजे काय, आई?

त्यांनी बोट माझ्या नाकासमोर धरलं. "इथं काही नाही. धुकं नाही, अंधार नाही. नसतंच काही. तुझे कान दिसतात, खांदे दिसतात, मागचं दार दिसतं. तोंड नाही. दीड वर्ष झालं."

मी फोन घेऊन त्यातले फोटो पुन्हा उघडले.

साडेचारशे फोटो. बसची तोंडं मोठी करून, बाजूला नेऊन, डोळ्याच्या कडेनं वाचलेली. "कुठला रंग, सांग बघू." "असल्या चिंधीला हात लावत नाही." गिऱ्हाईक बोलेपर्यंतचं ते गप्प राहणं. आणि आकडा मी कुठं लावला होता? बरोबर मधोमध. अंगठ्याएवढा.

मी मागची पानं उलटून वाचली. पानापानावर कौतुक लिहिलंय, आणि सगळं चुकीच्या गोष्टीचं.

"सांगितलं का नाहीत?"

"कुणाला? हेडमास्तरला? त्यानं कपाटात ठेवली असती मला, डांबराच्या गोळ्या घालून."

२६ मार्च, मंगळवार

ह्यांना दुकानाचं काम सांगून मी आईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. बाई शांत होत्या, घाई न करणाऱ्या. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय म्हणाल्या. उजव्याला इंजेक्शन देऊन पुढचं नुकसान थोपवता येईल. गेलेलं परत येणार नाही. कड बहुतेक शाबूत राहते.

"वाचणं, चेहरे ओळखणं अवघड. चालणं-फिरणं सांभाळून करू शकतात," त्या म्हणाल्या. मग आईंना विचारलं, "दीड वर्ष कसं निभावलंत?"

आईंनी फोन काढून शिवण दाखवली. डॉक्टरबाईंनी ती बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "बाहेर जे बसलेत ना, त्यातल्या निम्म्यांना हे पाहिजे," म्हणाल्या. "कुणी केलं?"

"हिनं," आई म्हणाल्या.

"ह्यांनी," मी म्हटलं.

परतीच्या बसमध्ये मी एक डोळा मिटला आणि दुसऱ्यासमोर, अगदी जवळ, अंगठा धरून बाहेर बघायचा प्रयत्न केला. दोन थांब्यांतच अंगठा खाली घेतला. शेजारी आई निवांत बसलेल्या. म्हणाल्या, "पुढचा आपला."

मी समजत होते की त्यांचे हात डोळ्यांशिवाय चालतात. तसं कुणाचंच चालत नाही. मान एवढी वळवली की कापड नजरेच्या कडेला येतं, तेवढ्या चतकोर नजरेतून त्या धागे मोजतात. पहिल्यापेक्षा तिप्पट वेळ लागतो. चुकला की उसवतात, पुन्हा घालतात. मला कळू नये म्हणून मी जेवायला गेले की उसवतात.

२८ मार्च, गुरुवार

त्यांनीच ह्यांना सांगितलं. मी सांगू का विचारलं तर म्हणाल्या, "डोळे माझे, मुलगा माझा. तू चहा टाक."

मी चहा टाकला. आतून आईंचा आवाज येत होता, ह्यांचा येत नव्हता. चहा घेऊन गेले तेव्हा ते टेबलावरची मिठाची वाटी इकडून तिकडे सरकवत होते.

"म्हणजे मी समोर बसलोय तर तुला..."

"शर्टाची बाही दिसतेय. उसवलीय. आण इकडे."

ते उठून बाहेर गेले. नंतर मला एवढंच म्हणाले, "दिसत असताना चुकली असती तर एक गोष्ट होती. आता कसं जाऊ देऊ? सांग ना. तू जाऊ दिलं असतंस?"

मला त्यांचा राग आला होता, तो त्या प्रश्नानं गेला. त्यांचं काम काय आहे? लोक डोळे मिटून लिफ्टमध्ये पाय ठेवतात, आणि ती लिफ्ट खाली कोसळू नये एवढंच. त्यांना भीतीशिवाय प्रेम करता येत नाही.

१ एप्रिल, सोमवार

आई म्हणाल्या, "उद्या मंगळवार. मी जाणार." हे म्हणाले, "नाही." आई म्हणाल्या, "बरं." कुणालाच ते 'बरं' खरं वाटलं नाही.

इस्त्रीकाकांचा फोन आला. चार कोट पडलेत, दुसरीकडे देऊ का विचारत होते. आईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "ठेवा. कुणाला देऊ नका."

२ एप्रिल, मंगळवार

सकाळी हे कामाला गेले. निदान मला तसं वाटलं. नऊला आई निघाल्या. मी अडवलं नाही. शिवण चारी बाजूंना होती, एवढं बघितलं. त्या गेल्यावर काउंटरवर बसून एका फोनचा एकच स्क्रू तीन वेळा लावला आणि काढला.

सव्वाएकला दोघं बरोबर आले. पिशवी आईंच्या खांद्यावर. ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

आई हात धुवायला आत गेल्यावर सांगायला लागले. रजा टाकली होती. कोपऱ्यावर थांबून आईच्या मागं निघाले, तीसेक पावलं ठेवून. "मला दाखवून द्यायचं होतं," म्हणाले, "की बघ, इथं चुकलीस, इथं धडपडलीस. वहीत टिपणार होतो."

"मग?"

"काही टिपलंच नाही. खड्डा आला की वळते. पायरी आली की पाय बरोबर उचलते. बस आली, फोन वर धरला, बाजूनं बघितलं, तीन सोडल्या, चौथीत चढली. मी मागच्या दारानं. इस्त्रीकाकाकडे फोन चार्जिंगला लावला. मी समोरच्या भिंतीआड. मग मोठा चौक आला. सिग्नल सुटला, ती हललीच नाही. पुन्हा लागला, पुन्हा सुटला. चार वेळा. मी म्हटलं, झालं, दिसत नाहीये हिला. आता धावत जाऊन हात धरतो. गेलो तर समोरच बघत म्हणते, 'ये. किती वेळ त्या खांबामागे उभा राहणार आहेस? तुझ्यासाठी थांबलेय. ओलांडायचं तर दोघं ओलांडू.'"

"कधी ओळखलं त्यांनी?"

"आपल्या कोपऱ्यावरच. चालण्यावरून. म्हणे बाराव्या वर्षापासून डावा पाय फेकत चालतोस." त्यांनी डावा पाय खुर्चीखाली ओढून घेतला. "पिशवी पण दिली नाही मला. दोनदा मागितली."

मी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

५ एप्रिल, शुक्रवार

डॉक्टरबाईंनी दोन पेशंट पाठवले, दोघांनाही काठ हवाय. एकीला निळा, एकाला नारिंगी. मी आता आधी त्यांना स्क्रीनच्या कडेनं बोट फिरवायला सांगते आणि विचारते, कुठं दिसतंय? जिथं दिसतं तिथंच काम सुरू करते. एवढी साधी गोष्ट, पण मला ती एका माणसाचं अख्खं दीड वर्ष न बघितल्यावर कळली.

सकाळी नाश्त्याला हे नेहमीच्या आवाजात सुरू झाले. त्यांनी रात्रभर विचार केला असावा. "माझं म्हणणं असं आहे. अटी तीन. एक, निघताना चार्ज पूर्ण. दोन, मधल्या ठिकाणाहून फोन करायचा. तीन, नवा रस्ता असेल तर आधी मला विचारायचं. या तीन पाळल्या जाणार असतील, तर माझी परवानगी आहे."

मान वर करून त्यांनी आईंच्या खुर्चीकडे बघितलं.

खुर्ची रिकामी होती. खिडकीतून मला दिसलं, आई पिशवी खांद्यावर टाकून कोपऱ्यावर वळतही होत्या.